माझ्या मुलीचा दुसरा बाप्तिस्मा

माझ्या धाकट्या बहिणीने मला फसवलं. मला न विचारता, न सांगता तिने माझ्या मुलीला पापनाशम गावाजवळच्या एका शेतात नेलं आणि पंपसेटच्या टाकीत बुडवून तिचा दुसरा बाप्तिस्मा करवला. पहिला बाप्तिस्मा झाला तेव्हा मुलगी तान्ही होती, आणि तिला हातांवर घेऊन चर्चमध्ये उभी होती ती हीच बहीण. हे मी आधीच सांगून टाकतो. आमच्या नात्यातले लोक असली गोष्ट इतक्या लांबून सुरू करतात की शेवटी चूक कोणाची तेच कळत नाही.

मी तंजावुरात पितळी भांडी आणि समया विकतो. दुकान मी उभं केलं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यांच्याकडून मला दुकान मिळालं नाही आणि ओळखीही मिळाल्या नाहीत. तरुणपणी पुण्याला एका भांडीवाल्याकडे काही वर्षं राबलो, पोत्यांवर झोपलो, तिथल्या पाट्या आणि बिलं वाचत देवनागरी शिकलो. म्हणून आज हे लिहितो आहे. आमच्या इथल्या मराठी घरांत मराठी बोलतात, पण अक्षरं बहुतेकांना तमिळच येतात.

आमच्या धंद्यात तोंडी ठरलं की ठरलं. कुंभकोणमचा ओतकाम करणारा फोनवर मला भाव सांगतो, मी घासाघीस करतो, तो शिव्या देतो, मी फोन ठेवतो, तो परत करतो. शेवटी दोघं ‘बरं’ म्हणतो. त्यानंतर पितळ महाग होवो की स्वस्त, तो मागे फिरत नाही आणि मीही नाही. घासाघीस कितीही करावी, शब्द दिला की तोंड बंद. समयांचंच सांगतो. खालचा खांब एकच असतो. गिऱ्हाईक हिंदू असेल तर वर हंस बसवायचा, ख्रिस्ती असेल तर क्रूस. दोघांनाही मी त्याच भावाला देतो, आणि दोघंही त्या भावावरून माझ्याशी तितकंच भांडतात.

आमच्या मंडळीत लहान बाळाचा बाप्तिस्मा करतात. बाळाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आईबाप आणि धर्ममातापिता उत्तर देतात. अय्यर विचारतात. आमच्याकडे पाळकाला अय्यर म्हणायची जुनी पद्धत आहे, पाळक कुठल्याही जातीचा असो. अय्यर विचारतात की तुम्ही सैतानाला सोडता का, प्रभूवर विश्वास ठेवता का, या लेकराला त्याच वाटेने वाढवाल का. त्यावर ‘होय’ म्हणायचं असतं. मुलीच्या वेळी मी ‘होय’ म्हणालो. माझ्या शेजारी तिची धर्ममाता म्हणून माझी बहीण उभी होती, तीही ‘होय’ म्हणाली. माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणाली. बायकोने मला नंतर टोमणाही मारला, बहिणीचा विश्वास तुमच्यापेक्षा खणखणीत आहे म्हणून.

त्या ‘होय’ला आमच्या घरात किंमत आहे. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा राजवाड्याच्या मागच्या गल्लीतले भाऊबंद आमच्या घरी पाणी पिईनासे झाले. आता पितात. लग्नाला येतात, जेवतात, समई माझ्याच दुकानातून नेतात आणि भाऊबंद म्हणून भाव पाडून मागतात. पण अजून मुलगी देत नाहीत आणि करत नाहीत. आजोबांनी हे सगळं सोसलं ते एका शब्दासाठी. तो शब्द वडिलांकडून माझ्याकडे आला, माझ्याकडून मुलीकडे जायचा होता.

चर्चमध्ये सगळं तमिळ असायचं. मराठी होती ती आईच्या प्रार्थनेत. संध्याकाळी जमखाना अंथरायची, वडील शास्त्र वाचायचे, सगळ्यांत धाकटं जे असेल त्याने एक वचन तोंडपाठ म्हणायचं, आणि मग आई प्रार्थना करायची. तिची प्रार्थना म्हणजे आमच्या दिवसभराच्या चहाड्या असत. देवाला ती सगळं सांगायची. “देवा, आज हा शाळेतून येताना लिमलेटवाल्याशी भांडून आला आहे, याची जीभ धर. धाकटीने ताक सांडून मांजरावर घातलं, तिला खरं बोलायची बुद्धी दे.” आम्ही डोळे मिटून बसायचो आणि एकमेकांना चिमटे काढायचो. चुकीसाठी मार बसायचा नाही, पण देवासमोर नाव निघायचं, आणि ते माराहून वाईट वाटायचं.

आई गेल्यावर ते बंद पडलं. माझं दुकान उशिरापर्यंत चालतं. बायको तिरुनेल्वेलीची, ती स्वयंपाकघरात तमिळमध्ये प्रार्थना करते, आणि तिच्या प्रार्थनेत कोणाच्या चहाड्या नसतात. मुलगी दोन्ही ऐकत मोठी झाली, मराठी समजायची, बोलताना अडखळायची. आईची प्रार्थना पुरी येणारी एकच व्यक्ती उरली होती, माझी बहीण.

बहीण लग्न होऊन पापनाशमला गेली. तिचा नवरा रेल्वेत. मध्यंतरी तो फार आजारी पडला. तंजावूरच्या इस्पितळात पडून होता तेव्हा पापनाशमच्या एका प्रार्थनासभेचे लोक आळीपाळीने येऊन त्याच्याजवळ बसले, डबे आणले, रात्रपाळी केली. आमच्या मंडळीकडून अय्यर एकदा येऊन गेले. नवरा बरा झाला आणि बहीण त्या सभेची झाली. तिथे मोठेपणी पाण्यात बुडून घेतलेलाच बाप्तिस्मा खरा मानतात, आणि बायका दागिने घालत नाहीत. ती पांढरी साडी नेसून, कानात गळ्यात काही न घालता माझ्याकडे आली तेव्हा मी म्हणालो, “कानातले विकायचे असतील तर परक्याकडे जाऊ नकोस. घट न कापता घेईन.”

ती हसली. “अण्णा, तुला देवदूत भेटला तरी तू आधी त्याचे पंख तोलून बघशील.”

“बघीन. मुलामा असला तर?”

तेव्हा आमचं असं चालायचं. ती पाण्यात बुडून नवा बाप्तिस्मा घेऊन आली, तो तिचा प्रश्न होता. ती मोठी बाई, नवरा तिचा, दुःख तिचं. मी त्यावर कधी एक शब्द वाकडा बोललो नाही.

मुलगी दहावीत गेली तेव्हा मी बहिणीशी ठरवलं. मी ठरवलं म्हणजे तिच्या ओसरीवर बसून, कॉफी पिऊन, नीट बोलून ठरवलं. मुलगी सुट्टीच्या दिवशी तुझ्याकडे येईल. आईची प्रार्थना तिला मराठीत शिकव. शास्त्र शिकव. तिचं दृढीकरण व्हायचं आहे, लहानपणी तिच्या नावाने दिलेला शब्द तिने आता बिशपांसमोर स्वतः म्हणायचा आहे, त्याची तयारी करून घे. एक अट. तुझ्या सभेत तिला न्यायचं नाही आणि पाण्याचं नाव तिच्यासमोर काढायचं नाही.

“कबूल?” मी विचारलं.

“कबूल, अण्णा.”

बदल्यात त्यांच्या सभेच्या जेवणावळीसाठी मी दोन मोठे पितळी हंडे दिले, कल्हई करून, टेम्पोने घरपोच. तिने मागितले नव्हते. मी फुकट काही घेत नाही, बहिणीकडूनही नाही.

दहावीला दृढीकरण व्हायचं ते ट्यूशनमुळे पुढे गेलं. बारावीला पुन्हा गेलं. शेवटी ती कॉलेजात गेल्यावर यंदा ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी बिशप येणार असं ठरलं आणि मी तिचं नाव दिलं. पांढरी साडी आणली. बायकोने ब्लाउज शिवायला टाकला.

त्याच्या दोन आठवडे आधी, रविवारी संध्याकाळी, मुलगी पापनाशमहून बसने आली. मी दिवाणखान्यात कॉफी पीत होतो. बायकोने दार उघडलं आणि तिच्याकडे बघून म्हणाली, “कान कुठे ठेवून आलीस?”

मी वर पाहिलं. तिच्या कानांत तोडु नव्हते. आमच्याकडे पोरींना लहानपणापासून कानात खड्यांचे तोडु घालतात, दिवसरात्र असतात, आईलासुद्धा त्यांच्याशिवाय मुलगी ओळखू येत नाही.

“पर्समध्ये आहेत,” ती म्हणाली.

“हरवतील. घाल आधी.”

“नाही अम्मा. काढलेत मी.”

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अप्पा, तुम्हाला सांगायचंय. रागावू नका.”

“आधी सांग. रागवायचं की नाही ते मी ठरवीन.”

“मी आज बाप्तिस्मा घेतला.”

“तो झालाय तुझा. भिंतीवर फोटो आहे.”

“तो तुमचा ‘होय’ होता, अप्पा. मला माझा म्हणायचा होता.”

मला पहिल्यांदा हे समजलंच नाही. मी भलतंच विचारलं. “कुठे घेतलास? नदीत तर वाळू आहे नुसती.”

“शेतात. पंपसेटच्या टाकीत.”

“जिथे बैल धुतात?”

“त्यांच्याकडे बैल नाहीत आता. ट्रॅक्टर आहे.”

मी हातातला टंबलर भिंतीवर मारला. कॉफी फोटोवर उडाली. बायको रागावली की तिचं मराठी संपतं, ती तमिळमध्ये मलाही बोलली आणि पोरीलाही, आणि मग पदराने फोटो पुसायला लागली. मुलगी उभी होती. तिने फडकं आणलं आणि खाली बसून फरशी पुसली. रडली असती तर मला काय करायचं ते कळलं असतं.

आमच्या मंडळीचा नियम असा. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेणाऱ्याला प्रभुभोजन नाही, त्याचं लग्न आमच्या चर्चमध्ये लागत नाही. नियम कडक वाटेल. पण त्यामागे हिशेब साधा आहे. एकदा देवासमोर झालेला व्यवहार पुन्हा करणं म्हणजे पहिला खोटा होता असं जाहीर करणं. माझ्या मुलीने तेच जाहीर केलं होतं. सभेतल्या परक्या लोकांसमोर, भिजल्या कपड्यांत, माझा शब्द खोटा होता म्हणून.

मी शांत झालो, म्हणजे तसा दिसलो. गिऱ्हाईक उठून चाललं की मी आवाज खाली आणतो. तिला समोर बसवलं.

“हे बघ. झालं ते झालं. कोणाला सांगू नकोस. बिशप येतील त्या दिवशी सगळ्यांबरोबर उभी राहा, ‘होय’ म्हण, डोक्यावर हात ठेवून घे. त्यानंतर तू पापनाशमला जा, वेळांकण्णीच्या जत्रेला जा, मी विचारणार नाही.”

“म्हणजे बिशपांसमोर खोटं बोलू?”

“खोटं कसं? तुझा विश्वास आहे ना?”

“आहे, अप्पा.”

“मग ‘होय’ म्हणायला काय जातं तुझं?”

“ते विचारणार, तुझ्या नावाने लहानपणी दिलेला शब्द तू आपला मानतेस का. आज सकाळी मी सगळ्यांसमोर सांगून आलेय की तो माझा नव्हता. एकाच मालाचे दोन ठिकाणी दोन भाव सांगू? तुमच्या दुकानात चालेल?”

बायको आतून म्हणाली, “घ्या. तुमचीच पोरगी आहे.”

दुसऱ्या दिवशी मी अय्यरांकडे गेलो. अय्यर मुरलेला माणूस. व्हरांड्यात खुर्ची टाकून शेंगा सोलत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्यापुढे केले आणि म्हणाले, “या पंख्याचा आवाज फार होतो. तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही.”

“अय्यर, मी म्हणालो की—”

“ऐकू आलं नाही म्हणतोय ना. ऐकू आलं तर मला तिचं नाव काढावं लागेल, कमिटी बसवावी लागेल. मुलगी रांगेत उभी राहिली, ‘होय’ म्हणाली, संपलं. आधी कुठे पाय ओले केले ते मी मुलांना विचारत नाही.”

बाहेर पडताना मला बरं वाटलं. अशा माणसाशी व्यवहार करता येतो. घरी येऊन मुलीला सांगितलं. ती कॉलेजची बॅग भरत होती. म्हणाली, “अय्यरना ऐकू येत नसेल तर मी मोठ्याने सांगते.”

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. ती घरात नेहमीसारखी वागायची, जेवायची, आईला भाजी चिरून द्यायची. मी तिच्या तोंडाकडे बघायचो. ही भर चर्चमध्ये, बिशपांसमोर, सगळ्या मंडळीदेखत मोठ्याने बोलली तर? दुकानात माझं लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला क्रूसाच्या जागी हंस लावून समई दिली, तो बिचारा चर्चचा सेक्रेटरी, परत घेऊन आला.

एकदा सकाळी तिच्या खोलीवरून जाताना आवाज आला म्हणून थांबलो. ती प्रार्थना करत होती. मराठीत. अडखळत नव्हती. “देवा, अप्पा आज पण जेवले नाहीत नीट. त्यांनी अय्यरना लबाडी करायला लावली आहे. त्यांची जीभ धर. मला घाबरू देऊ नकोस.” हेल माझ्या आईचा, जीभ धरणंही आईचंच, आणि चहाडी माझी. मी तिथे उभा राहिलो. आत जावं की नाही कळेना. मग दुकानाची किल्ली घेऊन खाली उतरलो.

शनिवारी ती पापनाशमला गेली नाही. घरी थांबून तिने पांढऱ्या साडीला इस्त्री केली. मी बायकोकडे पाहिलं, बायकोने खांदे उडवले. पांढरी साडी तिच्या आत्याच्या सभेतही चालते. पण ती घरी थांबली होती, ते मी चांगलं लक्षण मानलं.

झावळ्यांच्या रविवारी आम्ही तिघं चर्चला गेलो. मिरवणूक निघाली, कोवळ्या झावळ्या हातात घेऊन, गात, चर्चला फेरी घालून आत. आमच्याकडे पुरुष एका बाजूला बसतात, बायका दुसऱ्या. मी खांबाजवळची जागा धरली, तिथून मुलांची रांग समोर दिसते. दृढीकरण घेणारी सगळी तिच्यापेक्षा लहान, मुलींच्या डोक्यांवर पांढरे रुमाल, त्यांच्यामध्ये ही एकटी उंच, मोकळ्या कानांची.

बिशपांनी तमिळमध्ये विचारलं, तुमच्या नावाने दिलेलं वचन तुम्ही आता स्वतः कबूल करता का. पोरांनी एका सुरात उत्तर दिलं. मी तिचे ओठ बघत होतो. हलले नाहीत.

ठीक, मी मनाशी म्हणालो. एवढ्या आवाजात कोणाच्या लक्षात येतं.

मग दोघं दोघं करून पुढे जायला लागली. कठड्यापाशी गुडघे टेकायचे, बिशप हात ठेवतात, उठायचं. तिची जोडी आली. शेजारची मुलगी उठली, तीही उठली. चालत कठड्यापर्यंत गेली. गुडघे टेकले. हातातली झावळी मी किती घट्ट धरली होती ते तेव्हा कळलं, बोटांवर वळ उठले होते. बिशपांनी हात पुढे केला. तिने मान वर केली आणि काहीतरी बोलली, हळू. ते खाली वाकले. ती पुन्हा बोलली. त्यांचा हात तिच्या डोक्यावर तसाच अधांतरी राहिला, मग त्यांनी तो बाजूला नेला आणि शेजारच्या मुलीच्या डोक्यावर ठेवला. माझी मुलगी उठली, वळली, सरळ चालत बायकांच्या बाजूला गेली आणि आईजवळ बसली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण अधांतरी राहिलेला हात सगळ्या मंडळीने पाहिला. काय म्हणाली ते मला नंतर अय्यरांनी सांगितलं. माझ्यासाठी प्रार्थना करा, पण दृढीकरण करू नका, मी ते वचन कबूल केलेलं नाही.

बाहेर फाटकापाशी एका काकींनी बायकोला विचारलं, “काय झालं ग, पोरीला चक्कर आली?”

“हो ना,” बायको म्हणाली. “उपाशी होती सकाळपासून.”

“नाही काकी,” मुलगी म्हणाली, “चांगल्या चार इडल्या खाल्ल्यात. चक्कर नाही आली.”

काकी आमच्या तिघांची तोंडं बघत राहिल्या. अय्यर दुरून आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, “आता मला ऐकू आलं म्हणावं लागेल.”

मी घरी गेलो नाही. चर्चच्या कपड्यांतच स्टँडवर गेलो आणि कुंभकोणमची बस पकडून पापनाशमला उतरलो. बहीण दारातच होती. तिला मुलीचा फोन आधीच आला असणार.

“ये अण्णा. जेवलास का?”

“जेवायला आलो नाही.”

“मग बसून भांड. उभ्याने भांडलास की तुला रक्तदाबाचा त्रास होतो.”

मी बसलो. तिचा नवरा आत होता, त्याने डोकं बाहेर काढलं, मला पाहिलं आणि परत आत घेतलं.

“काय ठरलं होतं आपलं?” मी विचारलं. “याच ओसरीवर. सभेत न्यायचं नाही. कबूल म्हणाली होतीस.”

“मी नेलं नाही. तीच आली. दोन वर्षं मागे लागली होती, आत्या, मला बघू दे. मी नाही म्हणत राहिले. गेल्या पावसाळ्यात स्वतः येऊन मागे बसायला लागली.”

“मग मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तू तिला पाठवणं बंद केलं असतंस.”

“केलंच असतं. तोच करार होता.”

“तिने मला विचारलं, आत्या, अप्पा घरी प्रार्थना का करत नाहीत? त्यावर काय सांगू? दुकान आहे म्हणून? तू तिला माझ्याकडे पाठवलंस, अण्णा. आईचं सगळं दे म्हणालास. मी दिलं. माझ्याकडे जे आहे ते सगळंच जातं त्याबरोबर, अर्धं कापून कसं देऊ? शेरभर आणि मापात, तुझ्या दुकानासारखं?”

“ठरलं तेवढंच द्यायचं असतं.”

“हंडे परत ने मग. मागे परसात आहेत.”

“हंडे मरोत.” माझा आवाज चढला. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. “माझं एक उत्तर दे, मी जातो. ती एवढीशी होती. तुझ्या हातावर होती. मी तुझ्या शेजारी होतो. अय्यरांनी विचारलं आणि आपण दोघं ‘होय’ म्हणालो. तू मोठ्याने म्हणालीस. तो ‘होय’ खरा होता की खोटा?”

तिने ओसरीवरची चटई सरळ केली.

“खरा असेल तर टाकी कशाला? आणि खोटा असेल तर तू देवासमोर खोटं का बोललीस, आणि मला का बोलायला लावलंस?”

“तेव्हा मला कळत नव्हतं, अण्णा.”

“मला कळत होतं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “ऊन फार आहे, पाणी आणते,” आणि आत गेली. मी वाट पाहिली. आत भांड्यांचा आवाज झाला, नळ चालू झाला, बंद झाला. नवरा तिला काहीतरी हळू विचारत होता. ती बाहेर आली नाही. मी तसाच उठून परत आलो.

आता मुलगी दर रविवारी पापनाशमला जाते. मी बसस्टँडवर सोडायला जात नाही, पण अडवतही नाही, ती आता सज्ञान आहे. आमच्या चर्चच्या यादीतून तिचं नाव गेलं. बायको एकटी रडते, मग मला म्हणते, निदान देवाला तरी धरून आहे, भाऊबंदांच्या पोरांसारखी नुसती मोबाईलला धरून नाही. सगळे मला हेच समजावतात. अय्यरसुद्धा म्हणाले, देव एकच आहे, राग सोडा. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. मुलीचा विश्वास माझ्याहून भक्कम आहे हे मला दिसतं, मी आंधळा नाही. तिच्याविषयी माझी तक्रारच नाही. तिने मला तोंडावर सांगितलं, चर्चमध्ये खोटं बोलली नाही. व्यवहार असाच करावा.

तक्रार आहे ती त्या पहिल्या ‘होय’बद्दल. तो देणारे आम्ही दोघं होतो. त्यातल्या एकाने, दुसऱ्याला न सांगता, पाठीमागे जाऊन तो मोडला.

पुढच्या महिन्यात आईचा स्मरणदिवस आहे. माझ्या घरी सगळे जमतील, बहीणही येईल, दरवर्षी येते. मी जमखाना घालीन, जेवण ठेवीन, भांडण उकरून काढणार नाही. पण प्रार्थनेच्या आधी, सगळ्यांसमोर, माझ्या मुलीसमोर, मी बहिणीला तेच विचारणार आहे आणि या वेळी उत्तर घेतल्याशिवाय तिला जाऊ देणार नाही. त्या दिवशी आपण दोघं जे बोललो ते खरं होतं की नव्हतं? तुझं तेव्हा कळत नव्हतं हे मला पुरत नाही. कळत नव्हतं तर तू बाळ हातात का घेतलंस, ते सांग. माझा शब्द तू कोणाच्या परवानगीने खोटा ठरवलास, ते सांग. पाणी आणायला आत जाऊ नकोस. उभी राहा आणि सांग.